आशावादाला पाचपैकी किती?

हल्ली प्लेसमेंटचे दिवस आले की अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या मागोमाग आणखी एक फॉर्म मुलांच्या मोबाईलवर येऊन पडतो. बदलाशी तुम्ही किती जुळवून घेता, पुढच्या करिअरबद्दल किती उत्साह वाटतो, अशा धाटणीची वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. प्लेसमेंट सेलही माझ्याच गळ्यात आहे (मानधन किती, विचारू नका). त्यामुळे हे फॉर्म बरेच पाहिलेत, आणि माझं मत पक्कं झालंय: मोजायचं तर जरूर मोजा, पण तो आकडा कंपनीच्या हातात देऊ नका.

हे सगळं थोतांड आहे असं मला म्हणायचं नाही. त्यामागे खरा अभ्यास आहे. मार्क सॅविकास आणि एरिक पोर्फेली यांनी १३ देशांतल्या संशोधकांना बरोबर घेऊन केलेली, करिअरमध्ये जुळवून घ्यायची तयारी मोजणारी २४ वाक्यांची मोजपट्टी २०१२ साली प्रसिद्ध झाली. पुढचा विचार करणं, स्वतःची सूत्रं हातात घेणं, कुतूहल आणि आत्मविश्वास असे तिचे चार भाग. त्याआधी २००५ मध्ये रॉटिंगहाउस आणि सहकाऱ्यांची २५ वाक्यांची प्रश्नावली आली होती. तिच्यात जुळवून घेण्याबद्दल ११ वाक्यं, आशावादाबद्दल ११ आणि नोकरीच्या बाजाराची कितपत माहिती आहे याबद्दल फक्त ३.

माझा जीव अडकतो तो या तिनात.

समजा, वर्गात दोन मुलं आहेत. एक नालासोपाऱ्याचा. आशावादाच्या रकान्यात सगळीकडे पाच. सीए होणारच म्हणतो, पण आर्टिकलशिपला किती वर्षं जातात आणि त्या काळात हातात काय पडतं, हे त्याने कुणाला विचारलेलं नाही. दुसरी डोंबिवलीची. तिच्या मामेभावाची नोकरी गेलेली तिने घरात बघितलीय, जाहिराती वाचते, सीनियर्सना फोन करून पगार विचारते. ती आशावादाला दोन देते. ‘माझे निर्णय मी घेते’ छापाच्या वाक्यालाही दोनच, कारण अंधेरीच्या पलीकडची नोकरी आणि रात्रपाळी नको हे घरी आधीच ठरलंय. बेरीज मारली तर मुलगा हुशार आणि मुलगी रडकी. अकाउंट्समध्ये माणूस घ्यायचा तर मी डोळे मिटून तिला घेईन. तिच्या दोनमध्ये बाजाराची माहिती आहे आणि घरचं राजकारणही आहे. स्वभाव त्यात किती, ते तिच्याशी बोलल्याशिवाय कळायचं नाही.

शिवाय फॉर्म एचआरकडे जाणार म्हटल्यावर खरं कोण लिहिणार? आशावाद मोजायची एक जुनी चाचणी आहे, १९९४ मध्ये सुधारलेली. तिच्यात दहा वाक्यं असतात, पण चार मोजलीच जात नाहीत. नेमकं काय तपासतायत हे समोरच्याला चटकन कळू नये म्हणून ती भरीला घातलेली. आमच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपुढे ही युक्ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकली तरी खूप झालं.

आणि जुळवून घेण्याचं कौतुक या शहराने जरा जपूनच करावं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साचे चालवणारी माणसं वॉचमन झाली, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावाला परतली. घरातल्या बायकांनी डबे केले, पोळ्या लाटून दिल्या. कुठल्याही मोजपट्टीवर त्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, हे मात्र त्या आकड्यात कुठे दिसलं नसतं. आज लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत इंटरव्ह्यूला जाणाऱ्या मुलांमध्ये त्यांची नातवंडंही आहेत, आणि त्यांना विचारतात, ‘तुम्ही किती फ्लेक्सिबल आहात?’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘शनिवारी याल का?’ एवढाच असतो.

मग फॉर्मचं करायचं काय? दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला भरून घ्या, नोकरीचा विषय निघायच्या आधी. नव्या अभ्यासक्रमातलं ऑन जॉब ट्रेनिंग झालं की पुन्हा एकदा. दोन्ही कागद मुलाच्याच हातात द्यायचे आणि शेजारी बसून विचारायचं की इथे चारचे दोन का झाले. कुतूहल वाढलं आणि आशा उतरली, असंही होईल. ट्रेनिंगमध्ये डोळे उघडले असतील तर ते चांगलंच. कुतूहलच आटलं असेल तर मला काळजी वाटेल. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना नाही, नोटीस बोर्डावर सरासरी नाही.

हा प्रस्ताव मी आमच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मॅडम, आकडे बाहेर द्यायचे नाहीत, तर नॅकच्या मूल्यांकनाच्या फाईलला लावायचं काय?’

म्हटलं, सर, किती मुलांशी बोललो तो आकडा लावू. ते विचार करून सांगणार आहेत.