सत्तर टक्के टायर

गाडीला जुने टायर टाकायचं ठरवलंत, छान केलंत. आता एकच पथ्य पाळा: टायर बघू नका, चकाकी बघा. ती सकाळीच पॉलिश मारून तयार असते.

"सत्तर टक्के आहे साहेब," हे ऐकलं की पाकीट काढावं. कशाचे सत्तर, असं विचारणं शोभत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ ला टायर बाद. म्हणजे झिजवायला मिळतात ६.४. समोरच्या टायरात ३ उरले असतील तर तुमच्या वाट्याला १.४, जेमतेम बावीस टक्के. पण खाचेत गेज घालून चारचौघांत मोजायचं म्हणजे समोरच्याचा अपमानच की!

टायरच्या अंगावर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. मुरलेला विक्रेता ती बाजू भिंतीकडे ठेवतो आणि बसवताना गाडीच्या आत वळवतो. तुम्हीही उलटून बघायचा हट्ट धरू नका. चाराऐवजी तीनच आकडे दिसले तर नमस्कार करा, तो टायर गेल्या शतकातला आहे. पडून राहिलं तरी रबर कडक होतं, खाचेच्या तळाशी केसाएवढ्या चिरा पडतात. पॉलिश असतं कशाला मग?

पार गोटा झालेला टायरही वाया जात नाही. तापलं पातं फिरवून त्यात नव्या खाचा काढतात. ट्रकच्या काही टायरांवर 'रीग्रूव्हेबल' असं छापलेलं असतं. त्यांत खाली जादा रबर ठेवलेलं असतं. कारच्या टायरात ते नसतं, थोडं खोल गेलं की तारांचा पट्टाच. कंपनीच्या खाचेत ठरावीक अंतरावर आडवे बारीक उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पातं त्यांनाही कापत जातं. तेव्हा उंचवटे कुठेच सापडेनात, तर खुशाल घ्या: हा टायर संपल्याचं आता कधीच कळणार नाही.

आत हात तर मुळीच घालू नका. हवा गेलेल्या टायरवर कुणी गाडी तशीच दामटली असेल, तर टायरच्या बाजूच्या भिंतीला आतून गोल घासल्याचा पट्टा उमटतो आणि बोटांना काळा भुगा लागतो. भिंतीतले धागे तिथे पिचलेले असतात. बाहेरून टायर नवरदेवासारखा. हवा भरली की कधी फुगा येतो, कधी फुगा यायच्या आधीच फुटतो.

चांगला जुना मालही असतो, नाही असं नाही. मोठ्या अलॉय चाकांची हौस असलेले लोक नव्या गाडीचे टायर महिन्याभरात उतरवतात. पण त्याची तारीख ताजी असते, नक्षीवर रबराचे केस तसेच असतात आणि भाव चढा. हजार रुपये वाचवायला निघालेल्या माणसाने असल्या मोहात पडू नये.

दोनच घेतले तर चांगले पुढे टाका, सगळे तेच करतात. पावसात मागचे गोटे पाण्यावर तरंगले की गाडी गरकन फिरते, पण पुढचे टायर कसे घट्ट धरून असतात! मग भर मे महिन्यात समृद्धीवर काढा, कारला १२० ची मुभा आहे. "उन्हात हवा वाढतेच" म्हणून चार पौंड कमीच भरा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, पण हे टायरला कोण सांगणार.

आणि हो, उतरवलेले तुमचे चारही गोटे दुकानातच सोडा, दोनशे कमी होतील. संध्याकाळी चक्कर मारलीत तर ओळखू येणार नाहीत, सत्तर टक्के झालेले असतील.