हिशेब पहिल्या कुदळीपासून मांडावा

इमारतींविषयीचा एक युक्तिवाद गेली काही वर्षे इतक्या वेळा पुढे पाठवला गेला आहे की, तो तपासून पाहण्याची गरजच आता कोणाला वाटत नाही. त्याचा आशय थोडक्यात असा: चाळीस-पन्नास वर्षे जुन्या इमारतीच्या नूतनीकरणावर खर्च करणे म्हणजे भावनेपोटी केलेली उधळपट्टी होय. अशी इमारत वीज खाते, तिच्या काँक्रीटचे आयुष्य संपलेले असते, तिची डागडुजी नव्या बांधकामापेक्षा महाग पडते, कामासाठी राहत्या माणसांना बाहेर काढावेच लागते आणि एवढे करून हाती येते ती जुन्याची नक्कल, समकालीन वास्तुकला नव्हे. म्हणून सार्वजनिक वास्तू असो वा खासगी घर, ती पाडावी आणि तिच्या जागी नवी 'हरित' इमारत उभारावी.

या युक्तिवादातील जवळजवळ प्रत्येक वाक्यात सत्याचा अंश आहे आणि तो पसरण्याचे कारणही तेच आहे. परंतु त्याचा हिशेब चुकीच्या दिवसापासून सुरू होतो.

पहिला मुद्दा ऊर्जेचा. नवी इमारत वापरात असताना कमी वीज घेते, हे बहुतेक वेळा खरे असते. मात्र हा हिशेब उद्घाटनाच्या दिवसापासून मांडलेला असतो. त्याआधी पाडकामात, राडारोडा वाहून नेण्यात आणि नवे सिमेंट व पोलाद तयार करण्यात जे खर्ची पडले, ते त्यात धरलेले नसते. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा भट्टीच्या इंधनाचा नसून चुनखडीच्या रसायनाचा असतो. चुनखडी तापवून तिचा चुना करताना तिच्यात बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतोच. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो थांबत नाही. जुन्या इमारतीच्या पायात, खांबांत आणि स्लॅबमध्ये हा खर्च कित्येक दशकांपूर्वीच होऊन गेलेला आहे. ती पाडली की तो वाया जातो आणि नवीसाठी तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

अमेरिकेतील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने २०११ च्या अभ्यासात हीच तुलना मांडली होती. जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के अधिक कार्यक्षम अशी नवी इमारत बांधली, तर बांधकामाने वातावरणावर टाकलेला बोजा त्या बचतीतून फेडायला तिला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. यात एक बारकावा सहसा सुटतो. बांधकामाचे उत्सर्जन आज, एकरकमी होते. बचत मात्र पुढील कित्येक वर्षांत हप्त्याहप्त्याने होणार असते. त्यातही वीजनिर्मिती जसजशी स्वच्छ होत जाईल तसतसे वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागचे टळलेले उत्सर्जन कमी होत जाईल. म्हणजे कर्ज तेवढेच राहणार आणि ते फेडणारे हप्ते मात्र आकसत जाणार.

अमेरिकी वास्तुविशारद कार्ल एलेफांते यांनी २००७ मध्ये म्हटले होते की, सर्वांत हरित इमारत म्हणजे आधीच बांधलेली इमारत. हे वाक्य दुसऱ्या बाजूने तितक्याच अविचाराने वापरले जाते, हेही सांगितले पाहिजे. फटींतून वारा येणारी आणि छतातून उष्णता झिरपणारी वास्तू केवळ जुनी आहे म्हणून हरित ठरत नाही. तिच्यावर काम करावेच लागते आणि ते करता येते. १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमधील ६,५१४ खिडक्या बदलण्याऐवजी इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत तावदाने उतरवून, त्यांच्यात उष्णतारोधक पडदा आणि वायू भरून त्या पुन्हा बसवल्या गेल्या. इतर सुधारणांसह ऊर्जावापरात ३८ टक्के कपात करणे हे त्या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. शंभर मजल्यांहून उंच, पोलादी सांगाड्याच्या इमारतीत जे जमते, ते चार मजल्यांच्या कार्यालयात जमणारच नाही असे म्हणणाऱ्याने निदान कारण तरी द्यावे.

याच न्यूयॉर्कमधील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २७० पार्क अ‍ॅव्हेन्यू ही १९६० मध्ये पूर्ण झालेली ५२ मजली इमारत. तिचे नूतनीकरण करून तिने 'लीड प्लॅटिनम' हे हरित इमारतींसाठीचे सर्वोच्च मानांकनही मिळवले होते. त्यानंतर दहा वर्षेही नीट सरली नाहीत तोच मालक असलेल्या बँकेने २०१९ मध्ये तिचे पाडकाम सुरू केले आणि तिच्या जागी ६० मजली नवे मुख्यालय उभारले. जी इमारत कालपर्यंत हरिततेचा आदर्श होती, ती आज 'कालबाह्य' कशी ठरली? कारण ऊर्जेचे नव्हते. त्या जागेवर अधिक बांधकाम करण्याची मुभा मिळत होती. यात बेकायदेशीर काही नाही, पण मग निर्णयाला त्याच नावाने ओळखावे. पाडलेल्या साहित्याचा बहुतांश भाग पुनर्वापरात गेला, असे अशा वेळी आवर्जून सांगितले जाते. जुने काँक्रीट फोडून त्याची खडी करता येते, हे खरे. पण त्या खडीपासून नवे काँक्रीट करायचे तर सिमेंट पुन्हा नवेच लागते, आणि मोठा बोजा त्या सिमेंटचाच असतो.

लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानाबाबत हाच वाद शासनाच्या दारापर्यंत गेला. जुलै २०२३ मध्ये तत्कालीन मंत्री मायकेल गोव्ह यांनी पाडकामाला परवानगी नाकारली, मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो नकार रद्द ठरवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने परवानगी दिली. निकाल कोणत्या बाजूने लागला यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की इमारतीत आधीच गुंतलेल्या कार्बनचा प्रश्न तिथे नियोजनाच्या कागदावर आला, त्यावर साक्षी झाल्या आणि उलटतपासणीही झाली.

आता काँक्रीटचे आयुष्य. रचनेच्या संहितांमध्ये ५० वर्षांसारखा जो आकडा असतो, तो औषधाच्या बाटलीवरील मुदतीसारखा वाचला जातो. वस्तुतः तो आकडा म्हणजे इमारतीचा आराखडा करताना धरलेला किमान कालावधी असतो; मोठी दुरुस्ती न करता इमारतीने तेवढा काळ उपयोगी राहावे, अशी ती अपेक्षा असते. काँक्रीटमधील सळई क्षारधर्मी वातावरणामुळे सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती क्षारता कमी करतो आणि क्षारता घटलेल्या थराची सीमा सळईपर्यंत पोहोचली की, ओलाव्याच्या साथीने गंज धरू लागतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे वरचा थर फुगतो, तडकतो आणि गळून पडतो. मात्र ही सीमा एकाच वेगाने पुढे सरकत नाही. साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकते. पहिल्या दहा वर्षांत ती जितकी आत गेली त्याच्या दुप्पट आत जायला तिला एकूण चाळीस वर्षे लागतात. म्हणून एकाच वयाच्या दोन इमारतींपैकी सळईवर पुरेसे आवरण असलेली भक्कम निघते, तर दुसरी खरोखरच पोखरलेली आढळते. हा फरक जन्मतारखेवरून कळत नाही, तपासणीतूनच कळतो. त्यासाठी गाभ्याचे नमुने काढावे लागतात, क्षारतेची खोली मोजावी लागते, ध्वनिलहरींनी आतील पोकळ्या शोधाव्या लागतात आणि सळई गंजते आहे का हे पाहण्यासाठी विद्युतविभवाची चाचणी घ्यावी लागते. अनेक ठिकाणी पाडण्याचा निर्णय आधी होतो आणि तपासणी त्याला साजेशी मागवली जाते. असा अहवाल वाचताना तो कशासाठी मागवला होता, हे पहिल्या पानावरच उमगते.

दुबळा आढळलेला सांगाडा बळकट करण्याचे मार्गही आता नवलाईचे राहिलेले नाहीत. खांबांभोवती काँक्रीटचे किंवा पोलादाचे जॅकेट चढवता येते, तुळयांना कार्बन तंतूंच्या पट्ट्या चिकटवता येतात, आडवे धक्के पेलणाऱ्या नव्या कातरभिंती घालता येतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को सिटी हॉलला १९८९ च्या भूकंपात मोठी इजा झाली, तेव्हा संपूर्ण इमारत पायापासून मोकळी करून रबर आणि पोलादाच्या थरांच्या ५३० आधारांवर बसवण्यात आली आणि १९९९ मध्ये ती पुन्हा खुली झाली. जमीन हादरली तर त्या आधारांवर इमारत सावकाश सरकते आणि धक्क्याचा बराच जोर तिथेच जिरतो.

काही इमारती मात्र खरोखरच वाचवण्यापलीकडे गेलेल्या असतात, हे मान्य केल्याशिवाय हा प्रतिवाद प्रामाणिक ठरणार नाही. मिश्रणातच सळई गंजवणारे क्लोराइड मिसळले गेलेले काँक्रीट, आधारावरची टेकण तोकडी असलेल्या वायुयुक्त हलक्या काँक्रीटच्या छतफळ्या, खचत चाललेला पाया, अशा बाबतीत दुरुस्तीचा हट्ट जिवावर बेतू शकतो.

खर्चाचा मुद्दा मोजकाच, कारण तिथे गोंधळ मुख्यतः तुलनेचा आहे. नूतनीकरणात अनपेक्षित खर्च निघतो, ही तक्रार रास्त आहे. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, म्हणून अंदाजपत्रकात राखीव रक्कम ठेवावीच लागते. परंतु नव्या बांधकामाच्या बाजूला पाडकाम, राडारोड्याची विल्हेवाट, पर्यायी जागेचे भाडे आणि इमारत बंद राहिल्याच्या वर्षांचे नुकसान मांडलेले नसते. सिडनीतील १९७६ च्या एएमपी सेंटर या उंच इमारतीचे जे रूपांतर २०२२ मध्ये 'क्वे क्वार्टर टॉवर' म्हणून पूर्ण झाले, त्यात जुने खांब, तुळया आणि स्लॅब यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आणि मध्यवर्ती गाभ्याच्या भिंतींपैकी ९५ टक्के भाग राखून वापरायोग्य क्षेत्र जवळजवळ दुप्पट करण्यात आले. अधिक जागा हवी म्हणजे पाडणे आलेच, हे समीकरण तिथे मोडले.

खासगी घरांत नूतनीकरण महाग पडते त्याचे एक कारण तर अनेकदा आधीची चुकीची दुरुस्तीच असते. विटा आणि चुना यांची जाड भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, सांधे सिमेंटने भरले आणि वरून ओल अडवणारा रंग दिला की आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग भिंतीवर पांढरे क्षार फुटून येतात, विटेचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो आणि मालकाला सांगितले जाते की, भिंत 'संपली' आहे. भिंत संपलेली नसते, कोंडलेली असते. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा दिला, छताचे व जमिनीलगतचे पाणी वळवले आणि काही महिने तिला वाळू दिले, तर बरेचदा ती सावरते. घाई मात्र चालत नाही आणि कंत्राटदाराला नेमकी घाई असते.

रहिवाशांना हलवावेच लागते, या विधानाला तर उघड प्रत्युत्तर उपलब्ध आहे. पॅरिसमधील बोआ-ल-प्रेत्र हा १९६० च्या सुमाराचा, १६ मजल्यांचा निवासी मनोरा पाडण्याच्या यादीत होता. फ्रेदेरिक द्र्युओ, अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या वास्तुविशारदांनी तो न पाडता प्रत्येक मजल्याला बाहेरच्या बाजूने वाढीव भाग जोडून प्रत्येक घराला काचबंद सज्जा आणि गच्ची दिली. काम २०११ मध्ये पूर्ण झाले आणि त्या काळात लोक तिथेच राहत होते. बोर्दो येथील ग्रां पार्क वसाहतीत याच पद्धतीने ५३० घरांना ३.८ मीटर खोलीची वाढ मिळाली. आधीच तयार केलेले भाग क्रेनने उचलून लावल्यामुळे एकेका घरातील काम काही दिवसांतच आटोपत असे, आणि भाडेही वाढवले गेले नाही. या कामाला २०१९ मध्ये समकालीन वास्तुकलेसाठीचा युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला, तर लाकातों आणि व्हासाल यांना वास्तुकलेतील प्रतिष्ठेचा २०२१ चा प्रित्झ्कर पुरस्कार. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस हा श्वासातून गेल्यास घातक ठरणारा तंतुमय पदार्थ असतो म्हणून ती पाडावी, असेही कोणी सुचवतात. पाडण्यापूर्वीही तो तितक्याच काळजीने काढावा लागतो, एवढे उत्तर त्याला पुरे.

हे दोन पुरस्कार शेवटच्या मुद्द्याचाही निकाल लावतात. नूतनीकरण म्हणजे जुन्याची नक्कल, असे वारसाजतनाचे शास्त्रदेखील मानत नाही. वारसावास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटले आहे की, जी भर अटळ असेल ती मूळ रचनेपासून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर आपल्या काळाची मुद्रा असावी. बर्लिनच्या नॉयेस म्युझियममध्ये वास्तुविशारद डेव्हिड चिपरफिल्ड यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेला भव्य जिना पूर्वीच्या नक्षीसह पुन्हा घडवला नाही. फिकट काँक्रीटमध्ये त्याचा केवळ आकार उभा केला आणि भोवतीच्या विटांच्या भिंतींवरील व्रण तसेच ठेवले. २००९ मध्ये उघडलेल्या त्या दालनात उभे राहिले तर कोणता भाग एकोणिसाव्या शतकाचा आणि कोणता आपल्या काळाचा, हे सांगायला फलक लागत नाही. याउलट, दर्शनी भिंत तेवढी टेकू देऊन उभी ठेवायची आणि मागे सगळे नवे बांधायचे, या प्रकाराला नूतनीकरण म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पाडकामापेक्षाही अप्रामाणिक वाटते. सांगाडा, म्हणजे कार्बनचा सर्वांत मोठा ठेवा, त्यात जातोच आणि वर जतनाचे श्रेय घेतले जाते.

तेव्हा एखादी इमारत पाडायची असेल तर पाडावी, पण परवानगीच्या अर्जासोबत दोन कागद असावेत: निर्णयाच्या आधीच्या तारखेचा संरचनात्मक तपासणीचा अहवाल आणि पाडकामाच्या पहिल्या कुदळीपासून पुढील साठ वर्षांपर्यंतचा, दोन्ही पर्यायांचा एकाच पद्धतीने मांडलेला ऊर्जेचा, कार्बनचा आणि पैशाचा हिशेब.