परत पाठवलेला गोळ्यांचा डबा आणि टाकलेली थेंबांची बाटली

नमस्कार.

आमच्या शुश्रूषा केंद्राने तुमच्या आईंचा घरून भरून आणलेला गोळ्यांचा डबा परत केला, डोळ्यांच्या थेंबांची अर्धी बाटली टाकून नवी आणायला लावली, इन्सुलिनचं पेन फ्रीजबाहेर ठेवलं, आणि हे सगळं पैसे उकळण्यासाठी, असं तुम्ही इथे अभिप्रायात लिहिलंय. आईंच्या तब्येतीबद्दल इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. औषधांबद्दल लिहितो.

डब्यात सकाळ-दुपार-रात्र कप्पे होते, गोळ्या काळजीने लावलेल्या होत्या. घरी तो डबा उत्तमच. पण पांढरी गोल गोळी रक्तदाबाची असू शकते, थायरॉईडची असू शकते, साखरेचीही. पट्टीतून काढली की नाव, डोस, बॅच नंबर, मुदत सगळं पट्टीबरोबर गेलं. आमच्या ट्रॉलीवर अनेकांची औषधं शेजारी-शेजारी असतात आणि रात्रपाळीची सिस्टर वेगळी असते. तिने ती गोळी कशावरून ओळखायची? म्हणून आम्ही अख्खी पट्टीच घेतो. कापलेली असेल, तर नाव आणि मुदत दोन्ही वाचता येतील असा तुकडा.

थेंबांच्या बाटलीवर छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. एकदा उघडली की बहुतेक थेंब 4 आठवडेच वापरायचे. टोक पापणीला, बोटाला लागतं आणि जंतू आत जातात. त्या बाटलीवर उघडल्याची तारीख नव्हती, आणि ‘दोनेक महिने झाले असतील’ हे तुमचेच शब्द. नवी बाटली कुठूनही आणा. आम्ही औषधं विकत नाही, त्यामुळे उकळायचं काय?

इन्सुलिनचं म्हणाल, तर न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांतच असतात. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवत नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी बाद. चालू पेन मात्र 30 अंशांखाली बाहेर चालतं, साधारण 4 आठवडे. नेमके दिवस कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. आईंच्या पेनवर उघडल्याची तारीख लिहिलेली आहे.

पुढच्या भेटीत कपाट उघडून दाखवतो, नोंदवहीही पाहा. येताना डॉक्टरांची नवी चिठ्ठी तेवढी आणा. रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलल्याचं तुम्ही फोनवर सांगितलंत, पण फोनवर ऐकून आम्ही लेबल बदलत नाही.