लोभ तर होताच, चौकशी का थांबली?

जळगावात बुडालेल्या पतसंस्थांचा विषय निघाला की चहा संपायच्या आत निकाल लागतो, "संचालकांनीच खाल्लं हो!" खाल्लंच. पण लोभ काय काल जन्मला? त्याला आवर घालणारी चौकशी का थांबली, हे कोणी विचारत नाही.

१९०४ च्या कायद्याने निघालेल्या खेड्यातल्या सोसायट्यांची जबाबदारी अमर्यादित असायची. एकाने बुडवलं की बाकीच्यांच्या शेतीवर यायचं. त्यामुळे कर्ज मागणाऱ्याची विहीर, कपाशी, पत्त्यांचा नाद, सगळं आधी बघणं भाग होतं. माणसं साधू होती असं नाही, स्वतःचं जाईल ही भीती होती.

अमेरिकेत ही भीती घालवायला विद्वानांचा आधार मिळाला. बाजारभावात उपलब्ध माहिती मुरलेलीच असते, हे अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी १९७० मध्ये मांडलं. बाजाराने त्यातून सोयीचा अर्थ काढला : भाव दिसतोय ना, मग चौकशी कशाला? घरकर्ज देणारा ते विकून मोकळा, घेणारा गठ्ठे बांधून पुढे विकणार, आणि गठ्ठ्यावर 'ट्रिपल ए', म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असा शिक्का मारणाऱ्या रेटिंग कंपनीची फी गठ्ठा विकणाराच भरणार! नफ्याचा बोनस आज, नुकसान नंतर, या पद्धतीतला धोका रघुराम राजन यांनी २००५ मध्ये दाखवला, तर अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांच्यासारख्यांनी त्यांनाच मागासलेलं ठरवलं. १५ सप्टेंबर २००८ ला अशाच गठ्ठ्यांत अडकलेल्या लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. बँका भागधारकांच्या काळजीपोटी आपणहून सांभाळून वागतील हे धरून चाललो ते चुकलं, असं अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी पुढच्याच महिन्यात प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे कबूल केलं. आपल्याकडे तेवढंही कोणी बोललं नाही.

आपल्या संचालकांनी फामा वाचला नव्हता. त्यांच्याकडे गावठी आवृत्ती होती, "इतके लोक ठेवी ठेवतात, ते काय येडे आहेत?" आमच्या नात्यातल्या आप्पांनी केळीचा पैसा जादा व्याजासाठी ठेवला तो याच वाक्यावर. कर्ज कोणाला देता, हे त्यांनी विचारलं नाही, आधी ठेवलेल्यांनीही नाही. काउंटरमागे ऑडिट वर्ग 'अ' ची पाटी होतीच. ऑडिटर सरकारी पॅनेलवरचा, पण त्याला नेमते संस्थेचीच सभा आणि फीही संस्थाच देते. ट्रिपल ए आणखी काय असतं? संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर २००२ च्या कायद्याने तिच्यावर देखरेख करणारा निबंधक दिल्लीत, जळगावचा उपनिबंधक हात वर करायला मोकळा. आणि ५ लाखांचा ठेव विमा बँकांना असतो, पतसंस्थांना नाही, हे कित्येकांना शटर पडल्यावर कळलं.

मला सगळ्यात जास्त चीड पुढच्या प्रकाराची येते. अडलेल्या म्हाताऱ्यांच्या ठेव पावत्या पडत्या भावात घ्यायच्या आणि पूर्ण किमतीने स्वतःच्या कर्जफेडीत वळवायच्या. हे करणारे आजही लग्नात पुढच्या खुर्चीवर असतात, आणि "व्यवहार आहे भाऊ" म्हणून आपणच त्यांना बसवतो.

मी सभासद आहे त्या पतसंस्थेची वार्षिक सभा जवळ आलीय. मोठ्या कर्जदारांची नावं आणि त्यांचे जामीनदार वाचून दाखवा, असं लेखी देतोय. जेवणाच्या आधी वाचा, हेही त्यात लिहिलंय. नंतर कोणी थांबत नाही.