आधी लेन्स, मग बॉडी
घरातल्या फोटोंत नॉइज (दाणेदारपणा) येतो म्हणून निकॉनचा डी५३०० कॅमेरा विकून फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला; तो महागात पडेल. दोष कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ एमएम किट लेन्सचा आहे. ३५ एमएमला ती जेमतेम एफ/४.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). ३५ एमएम एफ/१.८ लावली की सहापट उजेड, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की नॉइज वाढतो) ६४०० ऐवजी हजाराच्या आसपास भागतं. फुल-फ्रेमचा फायदा साधारण एकाच स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाइतका, वर लेन्सांचा खर्च वेगळा! फोकसची मोटर आत असलेल्या, म्हणजे एएफ-एससारख्या लेन्सच घ्या. स्वस्तातल्या जुन्या एएफ-डी लेन्सना या बॉडीवर (कॅमेऱ्यावर) ऑटोफोकस नाही, मोटर ना त्या लेन्समध्ये असते, ना या बॉडीत. आणि १.८ वर ग्रुप फोटो नको, मागची रांग धूसर होते. तिथे एफ/५.६ ठेवून वर लावायचा वेगळा फ्लॅश छताकडे वळवा.