पाण्याची दहा मिनिटं

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाडकी बहीण योजनेवरून परत जुंपली. महिना दीड हजार घरबसल्या मिळतात म्हणून शेतावर बायका मिळेनात, आमच्या टॅक्सचा पैसा उधळतात, आणि शेवटी नेहमीचं, "तू सांग गं, तुमच्या अमेरिकेत देतात का कुणाला फुकट? म्हणून तर तो देश पुढे गेला." दोन ओळींत उत्तर देता येईना म्हणून सविस्तर लिहितेय.

मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते, बारा वर्षं झाली. इथे फुकट काही मिळत नाही हे खरं नाहीये. माझा मुलगा सरकारी शाळेत जातो, बारावीपर्यंत फी नाही, पुस्तकं शाळेची, पिवळी बस घराजवळ येते. गरीब घरांना किराण्यासाठी सरकारी कार्ड असतं. आणि जे मिळत नाही त्याने देश पुढे गेला असं मला तरी कुठे दिसलं नाही. टेक्सासमध्ये किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तेवढंच. बाळंतपणाची पगारी रजा खाजगी कंपन्यांनी दिलीच पाहिजे असा देशाचा कायदा नाही, १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात ते बिनपगारी, आणि कंपनीत पन्नास माणसं नसतील तर तेही नाही. आरोग्य विमा नसलेल्यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत इथेच जास्त. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा विमाही त्याच महिन्याअखेर गेला, पोराला दमा, आणि मी इनहेलरचे पफ मोजत बसायचे.

पण मला सांगायचंय ते पाण्याबद्दल. डॅलस शहराने २०१५ मध्ये नियम केला होता की बांधकाम मजुराला दर चार तासांनी दहा मिनिटं सुट्टी द्यायची, पाणी प्यायला, सावलीत बसायला. ऑस्टिनमध्ये तर हा नियम २०१० पासून होता. २०२३ च्या जूनमध्ये राज्याने कायदा केला की शहरांना असे नियम करता येणार नाहीत, आणि राज्याचा स्वतःचा असा नियम नाहीच. नंतर कोर्टकज्जे झाले, पण मजूर काय कोर्टात बसलेला नसतो, तो छपरावर असतो. आमच्या गल्लीत गारपिटीनंतर छपरं बदलायची कामं निघतात, माणसं मेक्सिको-होंडुरासकडची, चाळीसच्या वर ऊन, आणि खाली कधी उतरायचं ते ठेकेदार ठरवणार.

ते बघितलं की मला खाडा आठवतो. आम्ही बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले, माझी आत्या ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, आणि एक दिवस जरी आजारी पडलं तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मुकादम म्हणजे टोळीचा ठेकेदार तो उचलीत चढवणार. पाळी असो, पोट दुखो, पहाटे उसाच्या फडात जायचंच. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली तर १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे आणखी कारणंही होती, पण खाडा पडू नये हे एक कारण बायका स्वतःच सांगत होत्या. हे वाचून मी आत्याला फोन केला होता, ती म्हणाली, "अगं, आमच्या टोळीत चौघी होत्या."

आता सांगा, दीड हजाराने तिचा खाडा वाचतो का? मी त्या पैशांच्या विरोधात अजिबात नाही, बाईच्या हातात पैसे येतात हे चांगलंच आहे. पण पडताळणीत नाव कटलं की ते बंद, आणि आजारी पडल्यावर घरी बसायचा हक्क तर तिला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. आपल्या घटनेच्या ४२ व्या कलमात कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतीसाठी मदत, दोन्ही लिहिलंय. पण ३७ वं कलम सांगतं की त्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने १९७७ ला सही केली, मंजुरी आजपर्यंत दिलेली नाही. भारत १९७९ मध्येच त्यात सामील झाला. तरी छपरावरचा माणूस आणि फडातली बाई, दोघांचीही सुट्टी ठेकेदाराच्या मर्जीवर. आपलं भांडण यावर व्हायला पाहिजे, ते फुकट की मेहनतीचं यावरच अडकलंय.

आणि हक्क देणं परवडत नाही असं मला सांगू नका, कारण महाराष्ट्राने कामाचा हक्क दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला, काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं नाहीतर बेकारी भत्ता. त्याच्या खर्चासाठी १९७५ ला पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. ग्रुपमधल्या बहुतेक नोकरदारांच्या पगाराच्या स्लिपवर तो अजून दिसेल, महिना साधारण दोनशे रुपये. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला होती, केजकडून आमच्या गावात जो रस्ता येतो ना, तो त्याच कामातला.