त्या पावसात दूध कालवलेलं नव्हतं

‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) या सिनेमाबद्दलचा एक मजकूर गेल्या आठवड्यात मला तीन जणांनी पाठवला. त्यातले दावे असे: त्याच नावाच्या गाण्यातला पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, नायक जीन केलीनं १०३ तापात ते गाणं एकाच टेकमध्ये संपवलं, त्यानं नायिका डेबी रेनॉल्ड्सला रडवलं तेव्हा त्याचा हाडवैरी, नर्तक-नट फ्रेड अस्टेअर त्याला शह द्यायला तिच्या मदतीला आला, आणि डेबीनं सगळी गाणी स्वतः गायली.

आधी दुधाचं बघू, कारण तिथे एका माणसाची मेहनत पुसली जाते. छायालेखक हॅरल्ड रॉसन. साधा पाऊस कॅमेऱ्यात नीट उमटत नाही, एवढं खरं. समोरून उजेड टाकला तर थेंब जवळपास दिसेनासे होतात. पाठीमागून टाकला की एकेक धार चमकते. पण नाचणाऱ्याचा चेहरा दिसायला पुढूनही उजेड लागतोच, आणि तो जरा वाढला की पाऊस विरून जातो. शिवाय मागे दुकानांच्या काचा. हा तोल रॉसननं दिव्यांनी साधला.

आणि दूध घालणार तरी कुठे? एमजीएम या स्टुडिओच्या कल्व्हर सिटीतल्या आवारात तो रस्ता उभारलेला होता. भर दिवसा वर काळी ताडपत्री ताणून रात्र केली होती आणि नळ फिरवून डोक्यावर फवारे बसवले होते. दुपार कलली की गावातले लोक घरापुढच्या हिरवळीला पाणी घालू लागत आणि सेटवरच्या पावसाचा जोर ओसरे, अशी तिथली आठवण सांगितली जाते. म्हणजे पाणी गावच्या नळाचं होतं. खुद्द केली म्हणायचा की खरं काम नळ जोडणाऱ्यांनी आणि त्या पाण्यातून चित्रण करणाऱ्या बिचाऱ्या कॅमेरामननं केलं, मला फक्त नाचायचं होतं. ज्याचं गाणं, तोच हे सांगतोय. मग आपण ते श्रेय दुधाला का द्यायचं?

ताप होता, ते खरं. एकच टेक मात्र नव्हता. गाणं लावून बघा, कॅमेऱ्याची जागा बदलते ती साध्या डोळ्यांना दिसते. केली ज्या डबक्यांत उड्या मारतो, ती त्याच्या पावलांच्या हिशेबानं आधी खणून ठेवलेली होती. बुटांचा आवाजही नंतर भरलेला. नर्तिका ग्वेन व्हर्डननं पुढे सांगितलं की त्या ओल्या ठेक्यासाठी ती आणि कॅरल हेनी पाण्यात उभ्या राहून नाचल्या.

डेबी रडली होती, हेही खरं. एकोणीस वर्षांची पोर, नाचाची तालीम नाही, आणि केली कामात कठोर. आपण तिच्याशी नीट वागलो नाही, हे त्यानं पुढे मान्य केलं. ती पियानोखाली रडत बसलेली अस्टेअरला दिसली आणि त्यानं तिला आपली तालीम बघू दिली. यात शह कसला? १९४६च्या ‘झीगफेल्ड फॉलीज’मध्ये ते दोघे एकत्र नाचले आहेत. ‘ईस्टर परेड’ (१९४८) मुळात केलीचा. त्याचा घोटा मोडला, तेव्हा निवृत्त झालेला अस्टेअर त्याच्या जागी उभा राहिला. १९७६ साली केलीनं दिग्दर्शित केलेल्या ‘दॅट्स एंटरटेनमेंट, पार्ट टू’मध्येही दोघे शेजारी शेजारी आहेत. तुलना लोकांनी केली, म्हणून ते वैरी ठरत नाहीत.

राहिलं डेबीचं गाणं. या सिनेमाची गोष्टच मुळी दुसरीच्या आवाजावर मिरवणाऱ्या नटीची. लीना झालेल्या जीन हेगनसाठी डेबीची कॅथी पडद्याआड ‘वुड यू’ गाते, असं आपण बघतो. प्रत्यक्षात तो गाता आवाज बेटी नॉइज या गायिकेचा आहे, आणि कॅथी लीनासाठी पडद्याआडून बोलते ते संवाद खुद्द हेगनच्या आवाजात आहेत. हेगनला ऑस्करचं नामांकन मिळालं. नॉइजचं नाव श्रेयनामावलीत नाही.